मदत हवी आहे : बाबांच्या हिरड्या, स्टेंट आणि रक्त पातळ करायच्या गोळ्या

नमस्कार मंडळी. बाबा ६४ वर्षांचे. चार महिन्यांपूर्वी अँजिओप्लास्टी झाली, एक स्टेंट (हृदयाची रक्तवाहिनी उघडी ठेवणारी बारीक जाळीची नळी) आहे. अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल या रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू. तीस वर्षं मिश्री लावली, आता सोडली. हिरड्या सुजून दातांपासून सुटल्यात. सकाळी उशीच्या अभ्र्यावर रक्ताचा डाग दिसला की आईचा जीव टांगणीला लागतो.

दातांच्या डॉक्टरांनी डीप क्लीनिंग सांगितलंय, म्हणजे हिरडीखालचं कीटण खरवडून काढायचं. "हिरड्या बऱ्या झाल्या की हार्टचा धोकाही जातो," असं ते म्हणाले. पण अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१२ मध्ये म्हटलं होतं की दोन्हींचा संबंध दिसतो, मात्र हिरड्यांच्या उपचाराने हृदयविकार टळतो हे सिद्ध झालेलं नाही. असो, उपचार करायचाच आहे, दात तरी वाचतील.

खरी भीती गोळ्यांची. शेजारचे म्हणतात, रक्त जास्त जाऊ नये म्हणून क्लीनिंगआधी पाच दिवस बंद ठेवा. पण बंद केल्या तर नव्या स्टेंटमध्ये रक्ताची गुठळी होऊ शकते, त्यामुळे हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही गोळी चुकवणार नाही. त्यांची भेट सोमवारी आहे.

स्टेंटनंतर कुणी असं क्लीनिंग करून घेतलंय का? किती महिने थांबायला सांगितलं? एकाच बैठकीत झालं की थोडं थोडं? रक्त थांबायला किती वेळ लागला? सोमवारी आणखी काय विचारू, तेही सांगा.