टॉमचं टेंगूळ आणि आमच्या घरातलं लाटणं

खामल्याची आई (खामला, नागपूर; मूळ पोस्ट)
परवा माझ्या सहा वर्षांच्या मुलानं चुलतभावाच्या डोक्यात लाटणं घातलं. दोन टाके पडले. विचारलं तर म्हणे, ‘टॉमसारखं टेंगूळ येतं का बघत होतो.’ टीव्ही बंद केलाय. मारहाणीला विनोद म्हणायचं आणि आपली कामं उरकेपर्यंत पोरांना त्यापुढे बसवायचं, हा निव्वळ मोठ्यांचा आळस आहे. असली कार्टून्स दाखवूच नयेत.

निवृत्त ड्रॉइंग मास्तर
टाक्यांचं वाचून वाईट वाटलं ताई. पण ‘मारहाणीला विनोद म्हणायचं’ हे वाक्य कालपासून डोक्यातून जात नाही, म्हणून लिहितो. लांबेल.

मार हा विनोद नसतोच, विनोद थांबण्यात असतो. रोडरनर पक्ष्यामागे लागणारा तो कोयोट कड्याच्या पुढे धावत जातो, हवेत उभा राहतो, खाली बघतो, आणि मग पडतो. बघेपर्यंत पडत नाही! १९४९ पासून हीच एक गंमत चालू आहे. रोडरनर त्याला मारत नाही, त्याला मारतं ते त्यानंच मागवलेलं सामान.

शाळेत मी पोरांना वहीच्या कोपऱ्यात चित्रं काढायला लावायचो, पानं फरफर उलटली की हलतात ती. एक माणूस कूलरमध्ये ओतायला बादली घेऊन चाललाय, फरशीवर सांडलेल्या पाण्यावरून पाय घसरतो. पहिल्यांदा घसरला की आपटला, असं सरळ काढलं. कोणी हसलं नाही. मग तो आडवा हवेत असतानाचं एकच चित्र सहा पानांवर तसंच्या तसं काढलं, नजर बादलीकडे. अख्खा वर्ग बाकांवर आडवा. आपटणं तेच होतं.

हॅना आणि बार्बेरा यांच्या टॉम-जेरीला सात ऑस्कर मिळाली ती काय लाटण्यासाठी? ‘द कॅट कॉन्सर्टो’ बघा. टॉम लिस्ट या संगीतकाराची रॅप्सोडी वाजवतोय, जेरी पियानोच्या आत. मार आहेच, पण सगळा तालात.

खामल्याची आई
सर, वही छान. पण १९६३ साली स्टॅनफर्ड विद्यापीठात बांडुरा नावाच्या मानसशास्त्रज्ञानं आणि मंडळींनी मुलांना फुगवलेल्या बाहुलीला बदडणारं माणूस दाखवलं. एका गटाला समोरासमोर, एकाला फिल्मवर, आणि एकाला कार्टूनसारखं, काळ्या मांजराच्या वेशात. मांजराच्या! तिन्ही गटांतली मुलं, ज्यांना काहीच दाखवलं नव्हतं त्यांच्यापेक्षा जास्त मारकुटी वागली. ते हवेत थांबणं तुम्हाला दिसतं, सहा वर्षांच्या पोराला लाटणं दिसतं.

महालचा पोट्टा
मॅडम, ते बाहुली बुक्की मारली का परत उभी राहते. मारासाठीच बनवेल हाय ते. त्याच्यावरून काय सिद्ध होते? आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत निघते, म्हणजे वाईटाच्या पुतळ्यांची मिरवणूक, ते बडगे-मारबत जाळतात, लहान लहान पोट्टे बापाच्या खांद्यावर बसून बोंबलतात, ‘घेऊन जा गे मारबत’. घरी येऊन कोनी माचिस शोधत नाही.

मले राग येते तो दुसऱ्याच गोष्टीचा. या मुक्या कार्टूनांवर हिंदी बडबड कोनं चढवली बे? ऑगी आणि झुरळं. फ्रान्सचं, १९९८ चं, त्यात कोनी बोलतच नाही. आपल्याकडे आलं तर मांजर शाहरुखसारखं बोलून राहिलं! पडला का ‘अरे बाप रे’, उठला का ‘अरे बाप रे’. डोळे आहेत ना आमाले?

सदाशिवपेठी
हिंदी बडबडीची तक्रार, आणि तीही नागपूरकराकडून? तुम्ही लोक दोन मराठी माणसं भेटलात तरी ‘क्या बोलता भाऊ’ करता.

महालचा पोट्टा
हाव, करतो. दोन्ही येतात म्हणून करतो. तुमाले एकच येते अन् तीबी अशी का समोरचा घाबरून दुकान बंद करते. वऱ्हाडीत डबिंग करा एकदा. टॉम पडला का ‘माय वं’. बस. दोन शब्द.

सदाशिवपेठी
वऱ्हाडी कोणाला कळणार?

महालचा पोट्टा
मुका सिनेमा हाय बापा, कळायचं काय त्याच्यात!!

सीताबर्डीचा वाचक
मोटू-पतलूतही तेच, समोसा खाल्ला की ताकद. पण पोरं आधी ‘लोटपोट’ कॉमिकमध्ये चित्रं बघून हसायची, आवाज नव्हता. आणि सदाशिवपेठी, तुमच्या पुण्यात किती जण मराठीतून—

सदाशिवपेठी
आलं पुणं. मी वाटच बघत होतो.

निवृत्त ड्रॉइंग मास्तर
विषय लाटण्याचा होता रे बाबांनो.

रात्रपाळी
मी नर्स आहे, लहान मुलांच्या वॉर्डात. मे महिन्यात ओल्या हातानं कूलरला हात लावलेली पोरं येतात. नागपुरात कोणाला हे नवीन नाही. टॉमची शेपूट सॉकेटमध्ये जाते, हाडं चमकतात, पुढच्या क्षणी तो ठणठणीत. मास्तर, तुमचा तो माणूस हवेत सहा पानं थांबला, मला मान्य. पण तो पडल्यावर काय झालं? पुढच्या पानावर परत बादली घेऊन उभा, हो ना? मी ज्यांना बघते ते पुढच्या पानावर नसतात. टॉममुळे येतात असं मी म्हणत नाही. मला हसू येत नाही, एवढंच.

महालचा पोट्टा
ताई, हे बरोबर बोलल्या. आमच्या कूलरलाही अर्थिंग नाही. उद्या करतो.

निवृत्त ड्रॉइंग मास्तर
हो, पुढच्या पानावर उभा होता. नाहीतर गंमत कसली. तुमच्यापुढे वाद घालायचं बळ नाही माझ्यात. शॉकवाली तेवढी काढा, हरकत नाही. त्या जुन्या फिल्मांत स्फोटानंतर तोंड काळं करून कृष्णवर्णीयांची टिंगल होती, तीही टीव्हीवर दाखवताना कापलीच की. कड्यावरून पडणारा कोयोट मात्र मी सोडणार नाही. तेवढा कडा खामल्यात नाही.

खामल्याची आई
उपकार झाले सर. ते वहीचं रात्री करून पाहिलं, बादलीवाला. सहा पानं हवेत. पोरगा एवढा हसला की उचकी लागली, मग म्हणाला आई, आता लाटणं घेऊन काढ. टीव्ही अजून बंदच आहे.

महालचा पोट्टा
अन् पडल्यावर तो काय बोल्ला?

खामल्याची आई
काही नाही. मुका आहे.

महालचा पोट्टा
‘माय वं’ लिहा ना एका पानावर.

सदाशिवपेठी
झोपा.