टेक्ट्रॉनिक्स ४६५: दिवा लागतो, ट्रेस नाही, +१५ बसलाय

खटपट्या, नाशिक

नमस्कार मंडळी. एका कॉलेजच्या लॅबने भंगारात काढलेला टेक्ट्रॉनिक्स ४६५ ऑसिलोस्कोप (विजेचे सिग्नल पडद्यावर रेषेने दाखवणारं यंत्र) भंगारवाल्याकडून किलोच्या भावात उचलला. १९७२ साली आलेलं मॉडेल, १०० मेगाहर्ट्‌झ, दोन चॅनल. बाहेरून झकास, नॉब सगळे जागेवर, आत मात्र बोटभर धूळ. ती ब्रशने काढली, मागचा सिलेक्टर २३० वर असल्याची खात्री केली आणि १०० वॅटचा बल्ब सिरीजमध्ये लावून (आत शॉर्ट असेल तर करंट आवरतो) चालू केला. बल्ब एकदम पेटून मंद होतो, पण पुरता विझत नाही.

समोरचा दिवा लागतो. पडद्यावर ट्रेस, म्हणजे सिग्नलची रेषा, नाही. हरवलेला ट्रेस पडद्यात आणणारं बीम फाइंडर बटण दाबलं तरी ठिपकासुद्धा नाही. मग थोडा वेळ बल्ब काढून टेस्ट पॉइंटवर मीटर लावला. आतल्या सप्लायपैकी +५५ व्होल्ट बरोबर, +११० बरोबर, +५ आणि −८ जवळपास बरोबर. +१५ च्या जागी फक्त ०.९ व्होल्ट. सप्लायमधला ट्रान्झिस्टर गेलाय की दुसरं काही? बेंच सप्लाय आणि साधा डिजिटल मीटर आहे, दुसरा स्कोप मित्राकडून आणता येईल.

तापलेली_गन

पन्नास वर्षांचा डबा आहे, विचार कसला करताय? सगळे इलेक्ट्रोलायटिक आणि टँटलम कपॅसिटर उपटून नवे टाका. एक रविवार जाईल, पण पुढची दहा वर्षं निवांत.

आबा, ठाणे

खटपट्या, ती सोल्डरिंग गन आधी स्टँडवर ठेवा. त्या बोर्डांचे पॅड (पाय सोल्डर करायचे तांब्याचे ठिपके) नाजूक आहेत. चांगले पन्नास कपॅसिटर काढताना पाच पॅड उचलले गेले, तर एका फॉल्टचे सहा होतात. मी सर्व्हिसला असताना असे ‘पूर्ण रीकॅप’ केलेले स्कोप टेबलावर आले की पोटात गोळा यायचा.

तुमच्या आकड्यांनीच निम्मं काम केलंय. या सेटमध्ये +५५ हा सगळ्यांचा संदर्भ, बाकीचे रेग्युलेटर (व्होल्टेज कायम ठेवणारे भाग) त्याच्याकडे बघून चालतात. तो पडला असता तर सगळेच पडले असते. तो ठणठणीत आहे आणि एकटा +१५ बसलाय, म्हणजे पहिला संशय लोडवर, +१५ वर चालणाऱ्या सर्किटवर. ट्रान्झिस्टर उघडा पडला असता तरी +१५ गेला असता, पण मग बल्ब असा धुगधुगत राहिला नसता. कुठेतरी करंट चाललाय. करंट लिमिट आहे म्हणून धूर निघाला नाही, इतकंच.

प्लग काढा, पाच मिनिटं थांबा आणि +१५ ते चॅसिस (धातूचा सांगाडा) ओहम बघा. दोन-तीन ओहमच्या आत आलं तर ९० टक्के टँटलम शॉर्ट. ॲल्युमिनियमचा कपॅसिटर म्हातारा झाला की सुकतो आणि रिपल (डीसीवरची लहर) वाढवतो. थेंबासारखा टँटलम जातो तो बहुतेक शॉर्टच होतो.

आता तो शोधायचा. बेंच सप्लाय अर्ध्या व्होल्टवर, करंट लिमिट १ अँपिअर. प्लस +१५ च्या टेस्ट पॉइंटला, मायनस चॅसिसला. स्कोपचा प्लग काढलेलाच राहू दे. अर्ध्या व्होल्टवर ट्रान्झिस्टर-डायोडमधली सिलिकॉनची जंक्शनं जागी होत नाहीत, म्हणून जवळजवळ सगळा करंट पाट फुटलाय तिकडेच धावतो. मीटर २०० मिलिव्होल्टवर घ्या. काळी पिन टेस्ट पॉइंटवरच ठेवा आणि लाल पिन +१५ च्या पट्टीवरून पुढे पुढे सरकवा. मिलिव्होल्ट वाढत जातात तोवर रस्ता बरोबर. एखाद्या फाट्यात शिरल्यावर आकडा हलायचा थांबला तर मागे फिरा, तिथून करंट जातच नाही. सगळ्यात मोठा आकडा मिळेल तिथे तुमचा चोर.

आणि चालू सेटमध्ये पडद्याच्या ट्यूबच्या बाजूच्या झाकलेल्या भागात हात नको. कॅथोडला उणे अडीच हजाराच्या आसपास व्होल्ट असतात, ॲनोडला त्याच्या कितीतरी पट. बंद केल्यावरही ट्यूब चार्ज धरून ठेवते.

खटपट्या, नाशिक

आबा, सापडला! ओहम ०.८ आले. व्हर्टिकल बोर्डाच्या फाट्यावर आकडा ४ मिलिव्होल्टला चिकटून बसला. स्वीपच्या (ट्रेस आडवा ओढणाऱ्या सर्किटच्या) बाजूला ११, १९, २६ असा चढत गेला आणि एका पिवळट थेंबापाशी ३१. त्याचा एक पाय उचलला आणि लाइनचे ओहम एकदम शंभराच्या वर गेले. वरून बघितलं तर कपॅसिटरवर ना डाग, ना तडा. नुसत्या डोळ्यांनी जन्मात सापडला नसता.

बदली कितीचा टाकू? आणि बाकीचे टँटलमही काढून टाकू का?

बुधवारपेठी

व्हॅल्यू तीच ठेवा, व्होल्टेज २५ च्या खाली नको, ३५ चा मिळाला तर उत्तम. आमच्याकडे बुधवार पेठेत मिळतो, मुंबईत लॅमिंग्टन रोडला. पाय काळे पडलेला जुना माल देत असतील तर घेऊ नका. लावताना लक्ष द्या: टँटलमवर खूण प्लसच्या पायाला असते, ॲल्युमिनियमवर मायनसला. सवयीने उलटा बसला तर टँटलम फुटतो, जळतोसुद्धा.

आबा, ठाणे

बरोबर. बाकीच्यांना हात लावू नका. पुढे एखादा गेलाच तर शोधायची रीत आता तुम्हाला येते.

नवा बसवल्यावर पुन्हा सिरीज बल्बवरच सुरू करा. यावेळी बल्ब आधीपेक्षा बराच मंद व्हायला हवा. मग बल्ब काढून पाचही सप्लाय मोजा आणि मित्राच्या स्कोपने +१५ वरचा रिपल बघा. १०० हर्ट्‌झचे ठळक दात दिसले तर मोठा फिल्टर कपॅसिटर सुकलाय, तेवढा एकच बदला. +५५ थोडासा इकडेतिकडे दिसला म्हणून त्याची ॲडजस्टमेंटची पॉट फिरवू नका. तो हलला की बाकीचे सप्लाय हलतात आणि कॅलिब्रेशनही जातं.

खटपट्या, नाशिक

३५ व्होल्टचा टाकला. +१५ वर १५.०२. ट्रेस आला, दोन्ही चॅनलचा. चॅनल दोनचा पोझिशन नॉब खरखरतोय, त्याला कॉन्टॅक्ट क्लीनर मारतो. रिपल शनिवारी, मित्राचा स्कोप आल्यावर.