झेरॉक्सच्या दुकानात लिनक्स टाकावं का? (आणि गिऱ्हाइकांच्या आधारचं काय करू?)

झेरॉक्सवाली_कोरेगाव
नमस्कार मंडळी. कोरेगावात माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं छोटं दुकान आहे. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, पीकविमा, पोरांचे प्रवेश, सगळं चालतं. दोन कॉम्प्युटर आहेत, दोन्ही सहाव्या पिढीचे आय-थ्री. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० ची मुदत संपली आणि ११ यांच्यावर चढत नाही.

पण खरं कारण वेगळंच. गेल्या आठवड्यात एक बाई आल्या. म्हणाल्या, "ताई, जूनमध्ये तुमच्याकडंच फॉर्म भरला होता, माझं आधार असंल की." शोधलं, सापडलं. त्यांना बरं वाटलं, मला घाम फुटला. डाउनलोड्समध्ये २,३१४ फायली! आधार, पॅन, पासबुकं, जातीचे दाखले. अर्धा तालुका माझ्या टेबलाखाली पडलाय आणि पासवर्ड काय, तर दुकानाचं नाव.

भाचा पुण्याला शिकतो. तो म्हणतो, "मावशी, विंडोज काढून लिनक्स टाक, फुकटची सिस्टिम आहे, प्रायव्हसीचा प्रश्नच मिटला." खरंच मिटतो का? प्रिंटर चालेल का? मी इनस्क्रिप्ट या मराठी कीबोर्डवर टाइप करते, ते सुटणार नाही. आणि आधारसाठी अंगठा घ्यायचं मशीन?

रात्रपाळी
आर्च टाका ताई 😄

जुना_पेंग्विन
आर्च म्हणजे हौशी लोकांचं अवघड लिनक्स, त्यांना दुकान चालवायचंय रे बाबा.

ताई, भाच्याचं अर्धंच खरं आहे. मिंट २२ टाका, लिनक्सचाच सोपा प्रकार आहे, २०२९ पर्यंत अपडेट मिळतील आणि तुमच्या मशीनवर आरामात पळेल. ते स्वतःहून तुमची माहिती कुठं पाठवत नाही, सुरू करायला कुणाचं खातंही मागत नाही. पण गूगलमध्ये लॉगिन करून बसलात तर गूगलला विंडोज काय नि लिनक्स काय, सारखंच दिसतं. आणि त्या २,३१४ फायली लिनक्सवरही तशाच साचतील. ब्राउझरच्या इनकॉग्निटो (खासगी) खिडकीवर विसंबू नका. खिडकी मिटली की कुकी जातात, उतरवलेली फाइल तिथंच राहते.

तुमच्या कामाची चीज म्हणजे गेस्ट सेशन, पाहुण्यांसाठीचं तात्पुरतं खातं. मिंटच्या सेटिंगमध्ये 'लॉगिन विंडो' उघडा, 'अलाउ गेस्ट सेशन्स' चालू करा. गिऱ्हाईक आलं की गेस्ट उघडायचा, फॉर्म भरायचा, प्रिंट द्यायची, लॉगआउट. त्यात उतरवलेलं सगळं लॉगआउटबरोबर पुसलं जातं. तुम्हाला आठवणीनं काही करावं लागत नाही.

टाकताना 'अ‍ॅडव्हान्स्ड फीचर्स'मध्ये जाऊन डिस्क एन्क्रिप्ट करा, म्हणजे पासवर्डानं कुलूपबंद. उद्या चोरानं डबा उचलून नेला तरी आतलं वाचता येणार नाही. तो पासवर्ड मात्र वहीत लिहून घरी ठेवा. विसरलात तर मीच काय, कुणीच उघडून देणार नाही.

इनस्क्रिप्ट आतच असतं, कीबोर्ड लेआउटमध्ये जोडून घ्या. अंगठ्याचं मशीन जपून. मी पाहिलेल्यांची आरडी सर्व्हिस, म्हणजे ते मशीन चालवणारं सॉफ्टवेअर, विंडोज नाहीतर अँड्रॉइडसाठीच होती. आधी पेनड्राइव्हवरून लाइव्ह चालवून बघा. इन्स्टॉल न करताच प्रिंटर-स्कॅनरचं कळतं.

तलाठी_नाही_मी
एक भर. ई-आधारच्या पीडीएफला पासवर्ड असतो म्हणून निर्धास्त राहू नका. नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं कॅपिटलमध्ये आणि जन्मवर्ष, एवढाच तो पासवर्ड. दोन्ही गोष्टी शेजारी पडलेल्या फॉर्ममध्ये लिहिलेल्या असतात! जिथं चालतं तिथं लोकांना मास्क्ड आधार काढून द्या, त्यात पहिले आठ आकडे झाकलेले असतात. आणि दुकानाच्या व्हॉट्सॲपवर लोक जे फोटो टाकतात ते मोबाइलमध्ये साठतात, तिथं लिनक्सचा काही संबंध नाही.

झेरॉक्सवाली_कोरेगाव
सगळ्यांचे आभार. रविवारी दुकान बंद ठेवून पेनड्राइव्ह लावला. स्कॅनर लगेच ओळखला. प्रिंटरनं दोन तास छळलं, मग भाच्यानं फोनवर कुठला तरी ड्रायव्हर टाकायला लावला तेव्हा पानं यायला लागली. अंगठ्याचं मशीन ढिम्म. म्हणून मागचा कॉम्प्युटर फक्त अंगठ्यासाठी विंडोजवर ठेवलाय, काम झालं की नेटची वायर काढते. काउंटरवरच्यावर मिंट, आणि गिऱ्हाइकांसाठी गेस्ट.

मंगळवारी अद्दल घडली. एका पोराचा प्रवेशाचा फॉर्म शेवटच्या पानावर होता आणि लाइट गेली. यूपीएसची बॅटरी कधीच मेलेली. गेस्टमधलं स्कॅन, फोटो, सही, सगळं गेलं. पुन्हा पहिल्यापासून. त्याच्या आईनं काही बोलायचं ठेवलं नाही. आता बॅटरी आणलीय.

जुना_पेंग्विन
हे सांगायचं राहिलंच माझं. गेस्टच्या फायली रॅममध्ये, म्हणजे तात्पुरत्या मेमरीत असतात, वीज गेली की संपलं. माफ करा. आणि त्या जुन्या फायली?

झेरॉक्सवाली_कोरेगाव
पुसल्या. काल त्या जूनवाल्या बाई परत आल्या, रेशनकार्डाच्या कामाला. "आधार आहे ना तुमच्याकडं?" म्हटलं, नाही हो, आता कुणाचंच ठेवत नाही. तर तोंड वाकडं करून म्हणाल्या, "मग काय आता रहिमतपूरला परत जाऊन आणू?"