घरी गिटार रेकॉर्ड करायचीय, शेजारी माग आहेत : ८ हजारांत काय घेऊ?

वडगाव_सहातारी
साधी अकुस्टिक गिटार आहे, पिकअप (तारांचा आवाज थेट वायरीत देणारं साधन) नाही. विंडोज लॅपटॉप, ८ जीबी रॅम. बजेट ८,००० रुपये, वायर-स्टँड सगळं धरून. खोली दहा बाय बारा, वर कौलं, एका भिंतीपलीकडं यंत्रमाग. गाणं नाही, फक्त गिटार. काय घेऊ?

उद्यमबाग_४८व्होल्ट
स्कारलेट सोलो इंटरफेस (माइक लॅपटॉपला जोडणारा डबा) घ्या आणि मोकळे व्हा. सोबत कंडेन्सर माइक, म्हणजे बारीक आवाजही टिपणारा. त्याला वीज देणारं इंटरफेसवरचं ४८ व्होल्टचं बटण दाबायला विसरू नका, नाहीतर माइक मुकाच राहतोय. लेव्हलचे उंच टोक उणे १२ ते उणे ६ डीबीत (डेसिबल) ठेवा. शून्याला टेकून आवाज फाटला की परत शिवता येत नाही. माझ्याकडं सोलोच आहे, आजवर तक्रार नाही.

वडगाव_सहातारी
आठ हजार म्हटलोय की ओ. सोलो एकटाच त्याच्या वर जातोय.

उद्यमबाग_४८व्होल्ट
मग थोडं साठवा. एकदाच घ्यायचं, चांगलं घ्यायचं.

निपाणी_नायलॉन
मागांशेजारी कंडेन्सर? गिटारीपेक्षा खटखटच झकास येईल. डायनॅमिक माइक घ्या, तो कमी नाजूक. शुअरचा एसएम५७.

टिळकवाडी_तारा
तोही बजेटबाहेर. आणि डायनॅमिक म्हणजे जादू नव्हे. अकुस्टिकचा आवाज बारीक, त्यामुळं गेन (माइकचा आवाज वाढवायची कळ) खूप वाढवावा लागतो. मग स्वस्त इंटरफेसचा सूंऽऽ वर येतो आणि खटखटही तेवढीच वर येते. खरा फरक अंतरानं आणि दिशेनं पडतो. माइक बाराव्या फ्रेटसमोर (गिटारीच्या दांड्यावरची बारावी आडवी पट्टी), एक ते दीड वीत लांब. साउंडहोलसमोर (गिटारीच्या पोटावरचं भोक) नको, तिथं बेस नुसता घुमतो. कार्डिऑइड माइक पाठीमागून कमी ऐकतो, म्हणून तुम्ही मागांच्या भिंतीकडं तोंड करून बसा आणि माइक मध्ये ठेवा. त्याची पाठ आपोआप मागांकडं जाते. तुमच्या पाठीमागं दोरीवर जाड वाकळ टाका, म्हणजे खोलीची टणटण कमी होईल. वाकळीनं माग मात्र अडणार नाहीत.

खानापूर_पाऊस
हेच लिहिणार होतो, बारावा फ्रेट. आणि कंडेन्सर घेतलाच तर पावसाळ्यात हवाबंद डब्यात सिलिका जेल घालून ठेवा. ओल धरली की चरचर सुरू. आमच्याकडं तर जून ते सप्टेंबर कौलांवरच्या पावसाचंच रेकॉर्डिंग होतंय.

निपाणी_नायलॉन
सॉफ्टवेअरमध्ये ८० हर्ट्झला हाय-पास फिल्टर लावा, म्हणजे त्याखालचे खर्जातले आवाज गाळले जातात. जाड ई तारच ८२ हर्ट्झची, त्याखाली गिटारीचं काही नसतंय.

टिळकवाडी_तारा
भिंतीतून येणारी घरघर जाईल, खटखट नाही. ती वरपर्यंत पसरलेली असते. नॉइज रिडक्शनही जपून. जास्त लावलं की तारेची शेपटी (विरत जाणारा सूर) खाल्ली जाते आणि गिटार पाण्याखालून वाजल्यासारखी येते.

उद्यमबाग_४८व्होल्ट
९६ किलोहर्ट्झला (सेकंदाला आवाजाचे ९६ हजार नमुने) रेकॉर्ड करा, फरक कळतोय.

निपाणी_नायलॉन
त्यानं वाढतात ते माणसाला ऐकू न येणारे उंच सूर. वटवाघळं ऐकणार आहेत काय? २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ मोनो म्हणजे मिनिटाला साडेआठ एमबीच्या आसपास. ९६ला दुप्पट. फुकट लॅपटॉपला धाप लावायची.

उद्यमबाग_४८व्होल्ट
ज्याला कान आहेत त्याला कळतंय.

शहापूर_रात्रपाळी
सगळे खरेदीतच अडकलेत. वीज गेली की माग थांबतात, तीच वेळ धरा. यूएसबी इंटरफेस लॅपटॉपवरच चालतो, त्यामुळं बॅटरी भरलेली असली की झालं. पंखा बंद. चार्जर काढलेला, म्हणजे त्याच्या वाटेनं येणारी ५० हर्ट्झची गुणगुणही गेली. बेहरिंगर यूएम२ इंटरफेस, साधा कंडेन्सर, एक्सएलआर (माइकची तीन पिनांची) वायर, स्टँड, एवढं ८ हजारांत ओढूनताणून बसतंय. एएसआयओ४ऑल (आवाज लॅपटॉपात लवकर पोचवणारा फुकट ड्रायव्हर) टाका, बफर (एका वेळी हाताळायचा आवाजाचा तुकडा) १२८ ठेवा. आवाज तुटायला लागला तर २५६. रीपर हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर ६० दिवस फुकट वापरून बघता येतं. मेट्रोनोम कानात, तोही वायरच्या बंद हेडफोनमध्ये. ब्लूटूथ अजिबात नको, ठोका उशिरा पोचतो आणि तुम्ही त्याच्यामागं फरफटता.

खानापूर_पाऊस
वीज गेल्यावर. हे पटलं. पण मागवाल्यानं जनरेटर लावला तर?

शहापूर_रात्रपाळी
मग त्याला एक डबा कुंदा (बेळगावची मिठाई) द्या आणि तासभर मागून घ्या.

वडगाव_सहातारी
सगळ्यांचे आभार. ठरलं : सध्या फक्त नवीन तारा आणि फोनचा स्टँड. फोनवरच करतो. फ्लाइट मोड, डब्ल्यूएव्ही (आवाज न दाबता साठवणारा) फॉरमॅट, बारावा फ्रेट, पाठीमागं वाकळ. मंगळवारी दुपारी वीज नाही म्हणून निरोप आलाय.

टिळकवाडी_तारा
फोनचा ऑटो गेन बंद होणारं अ‍ॅप घ्या, नाहीतर हळू वाजवलं की तो आपणहून आवाज वर ओढतोय. नव्या तारा दोन दिवस आधी घाला, लगेच सुरात राहत नाहीत.

उद्यमबाग_४८व्होल्ट
सोलोवर सेल लागला की कळवतो.