मदत हवी आहे: डीसी मोटर दोन तासांत तापून ट्रिप होतेय, लोड तर कमीच आहे

मशीनरूम:
आमच्या एक्सट्रूडरची (माल दाबून साच्यातून बाहेर काढणारं मशीन) डीसी मोटर गेले दहा-बारा दिवस झाले, चालू केली की दोन-सव्वादोन तासांत ओव्हरटेम्प दाखवून ट्रिप होते. अँपिअर बघितले, रेटिंगच्या खालीच आहेत. ब्लोअर चालू आहे, हवा येतेय. कार्बन ब्रश (फिरत्या भागाला करंट देणारे) सगळे नवीन टाकले, तरी तेच. मधे दोनदा अर्थ फॉल्ट (करंट बॉडीत गळतोय असा इशारा) पण आला, रिसेट केला की गेला. बॉडीला हात लावला की चटका बसतो. वरून सांगतायत रिवाइंडिंगला (तारा नव्याने गुंडाळायला) पाठवा, म्हणजे लाईन आठ-दहा दिवस बंद. रात्रपाळीला चालवायचीच आहे, काय करू ते लवकर सांगा.

जुना_वायरमन:
अहो नेमप्लेट तरी टाका. किती किलोवॅट, आर्मेचर (फिरणारा भाग) किती व्होल्ट, फील्ड (चुंबकाच्या स्थिर कॉइल) किती, फील्डची जोडणी शंट आहे की कंपाउंड, इन्सुलेशन क्लास काय, आणि ट्रिप होते तेव्हा अँपिअर नक्की किती? "रेटिंगच्या खाली" म्हणजे दहाने खाली की शंभरने?

एसी_समर्थक:
हे किती दिवस करत बसणार? डीसी मोटर काढा, इंडक्शन मोटर आणि व्हीएफडी (एसी मोटरचा वेग बदलणारा ड्राईव्ह) लावा. ब्रश नाही, कम्युटेटर (ब्रश ज्यावर घासतात तो तांब्याचा गोल) नाही, कार्बनची धूळ नाही. आम्ही एका मागून एक चार लाईनी बदलल्या, एकदाही मागे वळून बघितलं नाही.

कार्बनब्रश_काका:
एसीवाले भाऊ, त्यांना आज रात्री लाईन चालवायची आहे. मोटरचा बेस, कपलिंग, शाफ्टची उंची, पॅनल सगळं बदलायचं ते एका रात्रीत होतं का?
मशीनरूम, ब्रश नवीन टाकले म्हणता, पण बसवले का? म्हणजे कम्युटेटरच्या गोलाईला घासून घेतले का? नुसते होल्डरमध्ये घातले असतील तर कडेकडेनेच टेकतात, सगळा करंट तेवढ्या पट्टीतून जातो आणि तिथे तापतं. आणि ग्रेड तोच आहे का जुना?

मशीनरूम:
घ्या नेमप्लेट. ७५ किलोवॅट, आर्मेचर ४४० व्होल्ट १९० अँपिअर, फील्ड २२० व्होल्ट ४.२ अँपिअर, १५०० आरपीएम, क्लास एफ. शंट फील्ड, सेपरेटली एक्सायटेड म्हणजे फील्डला सप्लाय वेगळा, त्याला साधा ब्रिज (एसीचं डीसी करणारा) आहे. चालवतो साधारण ६०० आरपीएमवर, करंट १४० च्या आसपास. ब्रशचा ग्रेड तोच आहे. एमरी पेपर मारून बसवले आणि कम्युटेटर पण त्यानेच चकाचक केला.

कार्बनब्रश_काका:
एमरी कशाला मारली हो! पॉलिश पेपर वापरायचा, एमरी नाही. एमरीचे कण कठीण असतात, करंटही वाहून नेतात, सेगमेंटच्या मधल्या फटीत आणि ब्रशच्या तोंडात रुतून बसतात. आणि कम्युटेटर चकाचक करायचाच नसतो. चॉकलेटी रंगाचा जो थर चढतो ना तोच ब्रशला जपतो, तुम्ही तोच काढून टाकलात.

जुना_वायरमन:
काका, ३० वर्षं एमरी मारतोय, एकही मोटर जळली नाही माझ्या हातून. उगाच घाबरवू नका त्यांना.

कार्बनब्रश_काका:
जळली नाही पण ब्रश किती महिने टिकले ते कधी लिहून ठेवलंत का? मी ठेवतो. ज्या मोटरला एमरी लागली तिचे ब्रश लवकर संपतात, हे मी माझ्या वहीवरून सांगतोय.

ड्राईव्हवाला:
एमरीवरून नंतर भांडा. करंटचा हिशोब बघा आधी. १९० च्या जागी १४० म्हणजे सुमारे ७४ टक्के, तांब्यातला लॉस करंटच्या वर्गाने जातो म्हणजे साधारण ५४ टक्के. पूर्ण लोडच्या निम्म्या उष्णतेत ही मोटर दोन तासांत ट्रिप होते हे पटत नाही. तेव्हा एकतर करंट दिसतो तसा नाहीये, नाहीतर उष्णता बाहेर जात नाहीये. १४० हा आकडा कुठे वाचलात?

मशीनरूम:
ड्राईव्हच्या डिस्प्लेवर. टाँगटेस्टर (वायरीभोवती लावायचा अँपिअर मीटर) लावला होता पण तो शून्यच दाखवतो.

ड्राईव्हवाला:
तो फक्त एसीचा असणार, डीसीला हॉल सेन्सरवाला क्लॅम्प लागतो. आणि डिस्प्लेवर सरासरी दिसते. एखादा थायरिस्टर (ड्राईव्हमधला करंट सोडणारा स्विच) फायर होत नसेल, गेटची वायर ढिली असेल किंवा एक फ्यूज गेला असेल तर सरासरी तीच राहते आणि रिपल (करंटमधली चढउतार) वाढतो. मोटर तापते आरएमएसवर, म्हणजे उष्णता ठरवणाऱ्या करंटवर. मग वर तापणं, खाली ब्रशला ठिणग्या, आणि डिस्प्ले म्हणतो सगळं ठीक. स्कोप (करंटची लहर दाखवणारं यंत्र) लावा, ५० हर्ट्झवर २० मिलिसेकंदांत सहा सारखे उंचवटे दिसले पाहिजेत. एखादा थायरिस्टर बंद असेल तर तिथे मोठा खड्डा दिसतो. माझी खात्री आहे की हेच आहे.

वंगण:
बेअरिंग बघा कोणीतरी. ग्रीस जास्त भरलं की बेअरिंग तापतं, सगळ्यांना वाटतं जास्त ग्रीस म्हणजे चांगलं. हाउसिंगच्या पोकळ जागेचा तिसरा हिस्सा ते अर्धा, बस.

मशीनरूम:
बेअरिंग थंड आहे दोन्ही बाजूचं. तापतो मधला भाग, फील्ड कॉइल जिथे आहेत तिथे आणि कम्युटेटरच्या झाकणाजवळ. स्कोप नाही आमच्याकडे, उद्या मागवता येईल.

शिकाऊ_इलेक्ट्रिशियन:
मला पण विचारायचं होतं, डीसी मोटर उलटी फिरवायची तर आर्मेचर आणि फील्ड दोन्हीची टोकं बदलायची का?

जुना_वायरमन:
दोन्ही बदललीस तर परत त्याच दिशेला फिरेल. एकाचीच बदलायची. आणि इंटरपोल (ठिणग्या कमी करणारे मधले छोटे पोल) असतील तर ते आर्मेचरबरोबरच राहिले पाहिजेत. तसं न करता फक्त आर्मेचरचं टोक उलटं केलंस तर कम्युटेटरवर नुसती आतषबाजी. आणि चालू मोटरचं फील्ड कधी उघडू नकोस बाबा. लोड नसताना शंट मोटरचं फील्ड गेलं की ती वेड्यासारखी वेग घेते, आर्मेचरचं बाइंडिंग सुटून बाहेर येतं. मी एकदा बघितलंय, त्या दिवसापासून फील्ड लॉस ट्रिप तपासल्याशिवाय मी मोटर चालू करत नाही.

मशीनरूम:
दादा धागा माझा आहे, माझं बघा ना कोणीतरी. मॅनेजर दर अर्ध्या तासाला फोन करतोय.

जुना_वायरमन:
बघतोय. हात लावून तापमान कळत नाही, ६० डिग्रीलाच हात मागे येतो आणि क्लास एफची बॉडी त्याहून गरम असणं साधं आहे. तुम्ही असं करा. सकाळी मोटर पूर्ण थंड असताना फील्डचा रेझिस्टन्स घ्या. मग ट्रिप झाली की लगेच, पॅनल बंद करून आणि फील्डच्या वायर काढून परत घ्या. तांब्याचा रेझिस्टन्सच थर्मामीटर आहे. आणि मेगर (इन्सुलेशनचा रेझिस्टन्स मोजणं) करायच्या आधी ड्राईव्हच्या सगळ्या वायर सोडवा, नाहीतर ५०० व्होल्टने थायरिस्टर खलास होतील.

मशीनरूम:
घेतले. थंड असताना खोलीत ३० डिग्री, फील्ड ४१ ओहम. ट्रिपनंतर ५६ ओहम. आर्मेचर सर्किटचा मेगर ०.६ मेगओहम, फील्डचा ४०.

जुना_वायरमन:
५६ भागिले ४१ म्हणजे १.३६६. त्याला तांब्याचा स्थिरांक २३४.५ अधिक ३० म्हणजे २६४.५ ने गुणलं की ३६१ येतात, त्यातून २३४.५ वजा केले की उरले १२७ डिग्री. ही सगळ्या कॉइलची सरासरी आहे, आत कुठेतरी याहून दहा-पंधरा जास्त असणार. क्लास एफची मर्यादा १५५. म्हणजे थर्मोस्टॅट खोटं बोलत नाहीये, मोटर खरंच तापतेय. आणि फील्डचा मेगर चांगला आहे, ४१ ओहम पण नेमप्लेटशी जुळतात, गरम झाल्यावर २२० भागिले ४.२ म्हणजे ५२ च्या आसपास यायला हवेत. फील्डमध्ये मोठा शॉर्ट नाही, रिवाइंडिंगला एवढ्यात पाठवू नका.

वार्निश_आणि_वाइंडिंग:
०.६ मेगओहमला मोटर चालवणं धोक्याचं आहे. आर्मेचर काढा, धुवा, ओव्हनमध्ये वाळवा, वार्निश करा. याला दुसरा उपाय नाही.

कार्बनब्रश_काका:
आर्मेचर काढायच्या आधी ब्रश रॉकरचे (ब्रश होल्डर धरणाऱ्या कड्याचे) इन्सुलेटर पुसून बघू द्या की त्यांना. ०.६ हे बहुतेक कार्बनच्या धुळीचं आहे. व्हॅक्यूमने ओढा, हवेने फुंकू नका, फुंकलं की धूळ वाइंडिंगमध्ये आत जाऊन बसते. तोंडाला मास्क बांधा. पुसल्यावर मेगर वर आला तर अर्थ फॉल्टचं कारण सापडलं.

ड्राईव्हवाला:
मी अजूनही रिपलच म्हणतो. स्कोप लावेपर्यंत बाकी सगळा अंदाज.

जुना_वायरमन:
रिपल असता तर नवीन ब्रशखाली तेव्हाच जोरात ठिणग्या दिसल्या असत्या. मशीनरूम, स्पार्किंगबद्दल तुम्ही काहीच लिहिलं नाही. आणि दहा-बारा दिवसांपूर्वी काय बदललं? मोटर एका दिवसात अशी बिघडत नाही. कोणी काही हलवलं, जोडलं, साफ केलं?

मशीनरूम:
स्पार्किंग अगदी बारीक, एकाच होल्डरला, काळजी करण्यासारखं नाही. बदललं काहीच नाही. पॅनलरूम शिफ्ट केली त्याच्या आधीच्या आठवड्यात, पण मोटरला कोणी हात लावला नाही. केबल त्याच, ड्राईव्ह तोच, पॅरामीटर तेच. फक्त कूलिंगच्या पाण्याचा पंप उलटा फिरत होता, तो इलेक्ट्रिशियनने पंपाच्या टर्मिनलला दोन वायर बदलून सरळ केला. बाकी काही नाही.

जुना_वायरमन:
थांबा थांबा. पंप उलटा फिरत होता म्हणजे पॅनलला येणारा फेजचा क्रमच उलटा झालाय. मुळात सरळ न करता फक्त पंपापाशी दुरुस्त केला. मग ब्लोअरची मोटर पण थ्री फेजच ना? ती कोणी बघितली?

मशीनरूम:
ब्लोअर चालू आहे की, हवा येतेय. कागद धरला तर हलतो.

जुना_वायरमन:
तिथेच सगळे फसतात. हा सेंट्रिफ्युगल ब्लोअर आहे, उलटा फिरला तरी हवा त्याच तोंडातून बाहेर पडते, फक्त खूप कमी. हवेचा आवाज येतो, कागद हलतो, काँटॅक्टर (ब्लोअरला सप्लाय देणारा स्विच) ओढलेला असतो, इंटरलॉक (ब्लोअर चालू असेल तरच मोटर चालू देणारी जोडणी) खूश. आणि डीसी मोटरची दिशा काही फेजच्या क्रमावर अवलंबून नाही, तुमच्या ड्राईव्हनेही तक्रार केली नाही, म्हणून मोटर सरळच चालते आणि कोणाच्या लक्षात येत नाही. त्यात तुम्ही ६०० वर चालवता, म्हणजे शाफ्टवरच्या पंख्याचा आधार असेल तर तोही नाही. सगळी मदार ब्लोअरवर. बंद करून चक्र थांबताना कुठल्या दिशेला फिरतंय ते बघा आणि हाउसिंगवरचा बाण शोधा.

ड्राईव्हवाला:
हं. हे पटतंय. जुन्या डीसी ड्राईव्हला चुकीच्या क्रमाने थायरिस्टर फायरिंग बिघडतं, पण हल्लीचे बहुतेक क्रम स्वतः ओळखतात. यांचा ओळखणाराच असणार.

एसी_समर्थक:
म्हणूनच म्हणतो, ब्लोअरच नको असेल तर इंडक्शन मोटर.

कार्बनब्रश_काका:
चुकीचं सांगू नका. ६०० आरपीएमवर पूर्ण टॉर्क द्यायचा तर तुमच्या इंडक्शन मोटरला सुद्धा वेगळा ब्लोअर लागतो, तिच्या स्वतःच्या पंख्याची हवा त्या वेगाला पुरत नाही. आणि तोही उलटा फिरू शकतो.

मशीनरूम:
सापडलं!! बाण मशीनच्या रंगाखाली गेला होता, आधी दिसलाच नाही, नखाने रंग खरवडल्यावर दिसला आणि चक्र बरोबर उलट्या दिशेला. ब्लोअरच्या टर्मिनलला दोन वायर बदलल्या. तोंडापुढे तोच कागद धरला तर हातातून निसटून जाळीवर जाऊन चिकटला. फिल्टर पण काढला, कापसासारखी गादी झाली होती धुळीची, तो बदलला. रात्री चार तास सलग चालवली, ट्रिप नाही. बंद करून लगेच फील्ड मोजलं तर ४८ ओहम. रॉकर व्हॅक्यूम करून पुसला, मेगर ०.६ वरून ९ वर आला. सगळ्यांचे आभार. रिवाइंडिंगची ऑर्डर मी सकाळीच थांबवून ठेवली होती, बरं झालं.

जुना_वायरमन:
४८ म्हणजे ७५ डिग्रीच्या आसपास, एकदम छान. आता ब्लोअरच्या नळीत एअर प्रेशर स्विच लावा आणि तो ड्राईव्हच्या रन परमिशनमध्ये घ्या. काँटॅक्टर ओढला म्हणजे हवा आली असं धरायचं नाही. आणि पॅनलला मेन इनकमिंगला क्रम दुरुस्त करणार असाल तर पंप आणि ब्लोअर दोन्हीच्या वायर परत पूर्वीसारख्या कराव्या लागतील, नाहीतर पुन्हा उलटे. त्या दोन्हींवर आजच टॅग लावा.

कार्बनब्रश_काका:
आणि ते एकाच होल्डरचं बारीक स्पार्किंग काळजीचं नाही असं म्हणालात, ते बघा. झाकण काढून ब्रशच्या पिगटेल (ब्रशमधून निघणाऱ्या लवचिक) वायरी बघा, कुठली निळसर झालीय का?

मशीनरूम:
काका, दोन आहेत निळ्या, शेजारी शेजारी, एकाच आर्मवरच्या. ते दोन ब्रश बदलू का?

कार्बनब्रश_काका:
नाही. निळ्या झाल्या म्हणजे त्या दोघांनी जास्त करंट ओढला. बाकीच्यांवर दाब कमी असणार म्हणून भार यांच्यावर आला. प्रत्येक स्प्रिंगचा दाब मोजा. साधारण १८० ते २०० ग्रॅम प्रति चौरस सेंटीमीटर असावा, पण त्या आकड्यापेक्षा सगळ्या स्प्रिंगचा दाब एकसारखा असणं महत्त्वाचं. साधा स्प्रिंगचा काटा चालतो. ब्रशखाली कागदाची पट्टी ठेवून पिगटेलच्या बाजूने ओढत जायचं, पट्टी सैल होऊन सरकली की तिथे वाचायचं.

शिकाऊ_इलेक्ट्रिशियन:
पट्टी किती जाड घ्यायची?

कार्बनब्रश_काका:
साधा वहीचा कागद. आणि पॅनल लॉक करून, आपलं कुलूप स्वतःच्या खिशात ठेवून मगच.

मशीनरूम:
मोजले. सहापैकी चार ठिकाणी १९० च्या आसपास, निळ्यांच्या शेजारच्या दोघांचा १२० आणि १३०. स्प्रिंग मागवल्या आहेत. प्रेशर स्विच ब्लोअरच्या तोंडाजवळ लावू की मोटरच्या आत?

जुना_वायरमन:
ब्लोअरनंतर, मोटरमध्ये हवा शिरते त्याच्या अगदी आधी. फिल्टर तुंबला तरी दाब पडून ट्रिप यायला हवी, अशी सेटिंग करा आणि फिल्टर पुठ्ठ्याने झाकून एकदा तपासून बघा.