आयलेट सेल (इन्सुलिन करणाऱ्या पेशी) सोडल्या की इन्सुलिन कायमचं सुटतंय काय? (टाइप वन डायबेटिस, मुलगी 13)

खानापूरवाला:
नमस्कार मंडळी. मुलगीला टाइप वन आहे, नवव्या वर्षापासून दिवसाला चार सुया. परवा पाहुण्यांनी व्हॉट्सॲपवर पाठवलंय की पेशी सोडल्या की इन्सुलिन बंद, आणि आमची आई तर शेत विकूया इथपर्यंत पोचली. मागच्या महिन्यात रात्री 2 ला शुगर 48 वर आलेली, घामानं उशी भिजलेली, साखरेचं पाणी पाजताना माझाच हात थरथरत होता, मग मनात येतंच की हो. पण नंतर इम्युनिटी दाबायच्या गोळ्या जन्मभर घ्याव्या लागतात म्हणे, खरं काय?

शहापूर_लॅबवाला:
फॉरवर्ड खोटा नाही, अर्धाच आहे. दात्याच्या स्वादुपिंडातल्या इन्सुलिन करणाऱ्या पेशी काढून यकृताला जाणाऱ्या शिरेत सोडतात. 2000 साली कॅनडात एडमंटनला शापिरो डॉक्टरांच्या टीमनं 7 जणांना केलं, सातही जणांचं इन्सुलिन सुटलं. पण पुढं पाच वर्षांनी बघितलं तर बहुतेकांना परत सुई लागलेली, फक्त शुगर धाडकन पडायचं कमी झालं (हे पण लहान नाही म्हणा). अमेरिकेत 2023 ला मंजुरी मिळाली ती मोठ्या माणसांना, तेही ज्यांची शुगर सारखी धोकादायक पडते त्यांनाच. 2025 ला स्टेम सेलपासून (कुठल्याही प्रकारची पेशी होऊ शकणाऱ्या मूळ पेशी) केलेल्या पेशींचं आलं, पूर्ण डोस दिलेल्या 12 मधले 10 जण वर्षभरानं इन्सुलिनशिवाय, तुमच्या पाहुण्यांनी तेच पाठवलं असणार. गोळ्या मात्र तिथंही आहेतच. परक्या पेशींवर शरीर तुटून पडणार आणि टाइप वनमधला स्वतःच्याच इन्सुलिनच्या पेशींवरचा शरीराचा मूळ हल्ला तर आधीचाच, दोन्ही दाबायला लागतंय.

काका_टिळकवाडी:
कारल्याचा रस द्या, आमच्या मेव्हण्याची शुगर नॉर्मलला आली.

शहापूर_लॅबवाला:
काका, मेव्हण्यांना टाइप टू असणार, त्यात शरीर स्वतःचं थोडंफार इन्सुलिन करतंय. पोरीचं इन्सुलिन कुणाच्या सांगण्यावरनं एक दिवस पण थांबवू नका हां.

निपाणीकर:
मी किडनी बदललेला, पण इम्युनिटी दाबायची गोळी तीच, टॅक्रोलिमस. सकाळी 9, रात्री 9, लग्नात पंगतीत बसलो असलो तरी मोबाईल वाजला की उठायचं. लेव्हल तपासायच्या दिवशी सकाळची गोळी खिशात घालून बेळगावची एसटी धरतोय, रक्त दिल्यावरच घ्यायची. हात इतका कापतोय की चहा बशीत ओतताना निम्मा टेबलावर. परसात पपनसाचं झाड आहे, त्याला हात लावायचा नाही, गोळीची लेव्हल वाढते. साधा ताप आला तरी डॉक्टरला फोन, कारण टीबीसुद्धा पटकन धरू शकतोय. आणि खरी गंमत ऐका, या गोळीनंच (आणि स्टेरॉइडनं) मला शुगर झाली, आता मी पण इन्सुलिन टोचतोय! माझी किडनी गेलेली, दुसरा रस्ता नव्हता. तुमच्या पोरीला इन्सुलिनवर शाळा करता येते हो.

खानापूरवाला:
निपाणीकर, तुमचं आईला वाचून दाखवलं. पपनसाचं ऐकून गप्पच बसली, मग म्हणाली शेत राहू दे. आता रात्रीचाच घोर. शुगर पडली की मोबाईलवर अलार्म देणारा सेन्सर कुणी लावलाय काय? बेळगावात मेडिकलात मिळतो की मागवावा लागतो, आणि पोरं खेळताना निघून येतो काय तेवढं सांगा.