सोलर चार्जरवर लॅपटॉप: आधी वॉट-तास मोजा, मग पैसे टाका

रामबागकर
आपल्या इंदूरच्या ट्रेकिंग ग्रुपवर कालपासून एक पोस्ट फिरतेय: "सोलर पॉवर बँक घ्या, २०,००० एमएएच, उन्हात ठेवा, लॅपटॉप दिवसभर चालवा." खाली लोक धडाधड "लिंक पाठवा" म्हणतायत. राहवलं नाही म्हणून लिहितोय.

त्या बँकेच्या पाठीवरचं पॅनल असतं साधारण १५ बाय ८ सेंटिमीटर. भर दुपारी एका चौरस मीटरवर १००० वॉट ऊन पडतं. २० टक्के कार्यक्षमता धरली तरी हातात जेमतेम २.४ वॉट, तेही पॅनल नीट सूर्याकडे वळवलं तर. २०,००० एमएएच (मिलीअँपिअर-तास) म्हणजे ३.७ व्होल्टने ७४ वॉट-तास, म्हणजे वॉट गुणिले तास, एकूण साठलेली वीज. तीस तासांच्या वर कडक ऊन लागेल. दिवसाला पाच तास पूर्ण ऊन धरलं तर जवळजवळ आठवडा. त्यातले साठेक वॉट-तास लॅपटॉपपर्यंत पोचतील, म्हणजे १५ वॉट खाणारा साधा लॅपटॉप चार तास. शिवाय लिथियमची बॅटरी मे महिन्याच्या उन्हात तापवत चार्ज करायची! ४५ अंशांच्या वर चार्जिंग केलं की ती लवकर खराब होते, फुगूही शकते. हे विकणं म्हणजे सरळ फसवणूक आहे.

चोरलची_वाट
पोस्ट चुकीची आहे, मान्य. पण "सोलरवर लॅपटॉप म्हणजे थाप" असा जो सूर तुम्ही लावलाय, तोही तितकाच चुकीचा आहे. घडीचं १०० वॉटचं पॅनल घ्या. इंदुरात स्वच्छ दिवशी पाच तास पूर्ण ऊन, प्रत्यक्षात ७० टक्के उत्पादन, म्हणजे ३५० वॉट-तास. बॅटरीत आत-बाहेर होताना वीसेक टक्के गेले तरी २८० उरतात. १५ वॉटचा लॅपटॉप आठ तास चालवायला १२० लागतात. दुपटीहून जास्त आहे की!

रामबागकर
चार-पाच किलोचं धूड जानापावच्या चढावर कोण नेणार? लोकांनी विचारलंय "पोर्टेबल". आणि ७० टक्के तुम्हाला जानेवारीत मिळतील. लेबलवरचे १०० वॉट हे सेलचं तापमान २५ अंश असताना मोजलेले असतात. मे महिन्यात हवा ४२ असली की सेल ६५-७० वर जातो. दर अंशाला ०.३५ टक्के घट धरा, पंधरा टक्के तिथेच गेले. झाडाच्या फांदीची सावली एका कोपऱ्यावर पडली तरी सेल एका माळेत असल्यामुळे अख्खी माळ बसते.

जेलरोड_दुरुस्ती
दोघंही खरी अडचण सोडून बोलताय. पॅनलच्या यूएसबी-सी मधून थेट लॅपटॉपला वायर लावली की काय होतं ते सांगतो. पॅनलचा छोटा बोर्ड सांगतो "२० व्होल्ट, ४५ वॉट देतो". लॅपटॉप तेवढे ओढायला जातो. ढग आला, पॅनल ३० वर आलं, व्होल्टेज कोसळलं, जोडणी तुटली, परत जुळली, परत तुटली. चार्जिंगचा दिवा नुसता मिचमिचतो. मध्ये पॉवर बँक ठेवली तरी ढग गेल्यावर ती बऱ्याचदा ५ व्होल्टवरच अडकते. वायर काढून परत लावली तरच ९ किंवा २० व्होल्ट मिळतात. विकत घेताना आउटपुट ६५ वॉट हे मोठं अक्षर बघू नका. खाली बारीक अक्षरात इनपुट लिहिलेलं असतं, ते १८ वॉट असेल तर १०० वॉटचं पॅनल लावून काही फायदा नाही.

वायरमन_काका
इतकी डोकेफोड कशाला? १२ व्होल्टची बॅटरी, १५० वॉटचा छोटा इन्व्हर्टर, लॅपटॉपचा मूळ अ‍ॅडॉप्टर. महाराणी रोडवर सगळं मिळतं. संपलं.

चोरलची_वाट
काका, यानेच सगळी वीज वाया जाते. बॅटरीच्या १२ व्होल्ट डीसीचे घरातल्यासारखे २३० व्होल्ट एसी करायचे, मग अ‍ॅडॉप्टरने परत २० व्होल्ट डीसी. ८५ टक्के गुणिले ८८ टक्के, पंचवीस टक्के उष्णतेत गेले. वर इन्व्हर्टर नुसता चालू ठेवला तरी ६-८ वॉट खातो. १५ वॉटच्या लॅपटॉपसाठी!

वायरमन_काका
सगळ्यांकडे नवे यूएसबी-सी वाले लॅपटॉप असतात असं धरून बोलू नका. जुन्या गोल पिनेला १९.५ व्होल्ट लागतात. काहींच्या पिनेत मधोमध एक बारीक काडी असते, तिच्यावरून लॅपटॉप अ‍ॅडॉप्टर ओळखतो. ओळख पटली नाही तर लॅपटॉप चालतो, बॅटरी चार्ज होत नाही. तिथे तुमचं डीसी काय करणार?

रामबागकर
आणि तो स्वस्त इन्व्हर्टर चौकोनी लहरीचा असतो, ते कोण सांगणार? अ‍ॅडॉप्टर जळेल.

वायरमन_काका
कोणी सांगितलं जळेल? अ‍ॅडॉप्टर आत शिरताच एसीचं डीसी करतो, लहर चौकोनी की गोल याने ६५ वॉटवाल्याला फारसा फरक पडत नाही. ७५ वॉटच्या वरच्यांत पॉवर फॅक्टर सुधारणारं सर्किट असतं, ते चौकोनी लहरीवर तापतं आणि गुणगुणतं. तिथे शुद्ध साइन वेव्ह, म्हणजे गोल लहरीचा इन्व्हर्टरच घ्या. ऐकीव गोष्टींवर लोकांना घाबरवू नका.

जेलरोड_दुरुस्ती
काकांचं गोल पिनेपुरतं बरोबर आहे. तेवढंच. ज्यांच्याकडे यूएसबी-सी आहे त्यांनी इन्व्हर्टरच्या वाटेला जाऊ नये.

त्यांच्यासाठी जोडणी लिहून ठेवतो. १२.८ व्होल्ट २० एएचची (अँपिअर-तास) लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी, २५६ वॉट-तास. एमपीपीटी कंट्रोलर (पॅनल आणि बॅटरीच्या मधला, पॅनलमधून जास्तीत जास्त वीज काढणारा), साधा पीडब्ल्यूएम प्रकारचा नको, तो १८ व्होल्टच्या पॅनलला बॅटरीच्या १३ वर ओढून बसवतो आणि जवळपास चौथा हिस्सा घालवतो. बॅटरीच्या धन टोकाला लागूनच १५ अँपिअरचा फ्यूज. कंट्रोलरला आधी बॅटरी जोडायची, मग पॅनल. उलटं केलं तर कंट्रोलर बॅटरी १२ व्होल्टची की २४ हे चुकीचं ओळखू शकतो. सेटिंग लिथियमचं, १४.४ व्होल्ट, इक्वलायझेशन (लेड-अ‍ॅसिड बॅटरीला मधूनमधून दिलं जाणारं जादा व्होल्टेज) बंद. पुढे गाडीत लावतात तो ६५ वॉटचा पीडी चार्जर, म्हणजे यूएसबी-सी वरून २० व्होल्टपर्यंत देणारा. केबल ५ अँपिअरची, कारण साधी ३ अँपिअरची ६० वॉटच्या पुढे जात नाही. बॅटरी सावलीत ठेवा, पॅनल उन्हात. मधली वायर १० मीटर असेल तर ४ चौरस मिमीची. दीड चौरस मिमीवर ५ अँपिअरला सव्वा व्होल्ट वायरीतच जातो.

लोकमान्यनगर_ताई
मला ट्रेकिंग नको, गच्चीवर ठेवायचंय. पॅनल किती कलतं ठेवू?

जेलरोड_दुरुस्ती
ताई, डिसेंबरात दक्षिणेकडे तोंड करून ४५ अंश, कारण दुपारी सूर्य तेवढाच वर येतो. मे-जूनमध्ये आडवं ठेवा, सूर्य डोक्यावरच असतो. जूनच्या मध्याला तर इंदुरात तो दुपारी किंचित उत्तरेला जातो. आणि आठवड्याला ओल्या फडक्याने पुसा, पण सकाळी. तापलेल्या पॅनलवर गार पाणी ओतायचं नाही.

रामबागकर
गच्चीवर बॅटरीसकट असेल तर चालेल, हे मानतो. पण मग ग्रुपवर तसंच लिहा: १०० वॉटचं पॅनल, मध्ये बॅटरी, १५-२० वॉटचा लॅपटॉप. दीडशे वॉटचा गेमिंगवाला घेऊन कोणी आला तर नाही म्हणून सांगा. खिशातल्या बँकेचं नाव त्यात नको.

चोरलची_वाट
लिहितो. पण ६० वॉटचं पॅनलही चालतं हे गाळू नका, २१० वॉट-तास देतं आणि वजन बरंच कमी.

रामबागकर
जुलै-ऑगस्टचंही लिहा मग. ढगाळ दिवशी पाचवा हिस्सा मिळतो. १०० वॉटवर सत्तर वॉट-तास, नुकसान वजा जाता साडेतीन-चार तास लॅपटॉप. ६० वॉटवर दोन तास.

चोरलची_वाट
ठीक. पावसाळ्याची ओळ टाकतो.